अणूचा विस्तव

इन्सुलीसारख्या गावातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, काडी वाचवण्यासाठी सकाळी शेजारच्या घरून विस्तव आणीत. करवंटीत राख, राखेत निखारा, की आपली चूल पेटली. पण तोच निखारा उन्हाळ्यात डोंगरावरच्या सुक्या गवतात पडला तर? वणवा! अणूचेही असेच आहे.

१९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियमचा अणू फुटतो असा शोध लागला. न्यूट्रॉन नावाचा कण आत शिरला की अणू दुभंगतो, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढचे अणू फोडतात. गवताची एक काडी दुसरीला पेटवते ना, तसेच. ही साखळी आवरून धरली तर चूल, मोकाट सुटली तर वणवा.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. केंब्रिजला न्यूट्रॉन शोधून काढणारे चॅडविक इंग्रज शास्त्रज्ञांचे प्रमुख होऊन अमेरिकेत बाँबच्या कामाला गेले. त्याच केंब्रिजमध्ये शिकलेले मुंबईचे डॉ. होमी भाभा १९३९ साली सुटीसाठी घरी आले होते, ते युद्धामुळे इथेच राहिले. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत, रामन यांच्या विभागात, ते विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटांच्या विश्वस्तनिधीला एक पत्र लिहिले. हिरोशिमाला अजून जवळजवळ सतरा महिने होते. त्यांनी मागितले काय? शस्त्रांचा कारखाना नव्हे, मूलभूत संशोधनाची संस्था. काही वर्षांनी अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा देशाला तज्ज्ञ घरचेच मिळावेत, हा त्यांचा हेतू. म्हणजे विस्तवासाठी शेजारी जायला नको!

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला. त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होते; त्यातले एक किलोसुद्धा पुरते फुटले नाही, तरी शहर बेचिराख झाले. त्याच वर्षी भाभांची संस्था उभी राहिली. पुढे मुंबईत तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली.

मग आपण फक्त चूलच पेटवली, असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे म्हणता येत नाही. भाभा १९६६ साली विमान-अपघातात वारले. त्यानंतर १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम तुर्भ्याच्याच दुसऱ्या एका अणुभट्टीतले होते. चुलीचा विस्तव आणि वणव्याचा विस्तव, दोन्ही एकच.

म्हणून गुरुजी, मुलांना अणू कसा फुटतो ते शिकवाल, त्याच तासाला हिरोशिमात काय झाले तेही सांगा. निखारा हाती देताना घरची बाई पोराला बजावीत असे, ‘वाटेत सांडू नको हो!’ ते बजावण्याचे काम आता तुमचे आहे.