७४ वर्षांची राजधानी

जपानची जुनी राजधानी म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी क्योटोच येतं. भारतातून पाहुणे आले की आम्हीही त्यांना आधी तिथेच नेतो. पण यंदा बाबा आले तेव्हा ठरवलं, यांना नारा दाखवायचं. ओसाकाहून ट्रेनने जेमतेम पाऊण तास.

नारा यायच्या थोडं आधी गाडी एका मोकळ्या माळावरून जाते. उजवीकडे एक लाल खांबांचा दरवाजा, डावीकडे लांबवर तसाच महाल.

"हे काय रे?" बाबांनी विचारलं.

"राजवाडा. आपली गाडी राजवाड्याच्या आवारातूनच चालली आहे."

इ.स. ७१० ते ७८४, मधली पाचएक वर्षं सोडली तर, राजधानी इथे होती. तिचं नाव हेइजो-क्यो. चीनच्या छांगआन शहरावरून आखलेली, सरळ काटकोनी रस्त्यांची. पुढे राजधानी हलली आणि राजवाड्याच्या जागी भातशेती झाली. दरवाजा १९९८ साली आणि महाल २०१० साली नव्याने बांधला आहे.

राजधानी गेली, पण तोदाई-जी देवळातला बुद्ध राहिला. बसलेली ब्राँझची मूर्ती, उंची सुमारे १५ मीटर! तिच्यामागची गोष्ट मात्र दुःखाची आहे. ७३५ ते ७३७ या काळात देवीची भयंकर साथ आली. राज्यकारभार पाहणारे फुजिवारा घराण्यातले चौघे भाऊ एकाच वर्षात गेले. शोमू सम्राटाने ७४३ साली या मूर्तीचा संकल्प सोडला आणि आज्ञा काढली, की कुणी गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन मदतीला आला तरी त्याला परत पाठवू नका.

७५२ साली मूर्तीचे डोळे उघडायचा सोहळा झाला. आपल्याकडे पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात कसलेल्या हाताकडे देतात ना, तसंच. आणि इथे तो कुंचला कुणाच्या हातात होता? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या! कुंचल्याला लांब दोर बांधून ते जमलेल्या लोकांनी धरले होते, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले.

बोधिसेन दक्षिण भारतातला. आधी चीनला गेला, तिथे जपानी वकिलांनी त्याला आग्रहाने बोलावलं. ७३६ साली तो इथे पोचला, नानिवा बंदरात उतरला. नानिवा म्हणजे आमचं ओसाका! लोक त्याला 'बारामोन सोजो' म्हणत. बारामोन म्हणजे ब्राह्मण, सोजो हे भिक्षूंमधलं मोठं पद.

११८० आणि १५६७ साली युद्धांत देऊळ जळलं. पहिल्या आगीनंतर ११८५ साली डोळे पुन्हा उघडले, ते शोसो-इन भांडारात जपलेल्या त्याच कुंचल्याने! तो आजही आहे. आत्ताचं देऊळ १७०९ सालचं, मूळच्यापेक्षा रुंदीला एक तृतीयांश कमी. ते "कमी" रूप बघूनसुद्धा बाबा मान वर करून बराच वेळ उभे होते.

"मग तो बोधिसेन परत कधी गेला?"

"नाही गेला. ७६० साली इथेच वारला."

परतताना आम्ही तोमिओ स्टेशनवर उतरून र्योसेन-जी देवळात गेलो. तिथे त्याची समाधी आहे. इथला डोंगर पाहून त्याला राजगीरच्या गृध्रकूटाची आठवण झाली, म्हणून देवळाला हे नाव पडलं असं सांगतात. परदेशात डोंगर बघून आपल्याला सह्याद्री आठवतो, तसंच झालं म्हणायचं.

दर फोनवर "परत कधी येताय?" विचारणारे बाबा त्या संध्याकाळी गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चांगलं सांभाळलं हो त्याला या लोकांनी."

तेव्हा मंडळी, नाराला गेलात तर नुसती हरणांना बिस्किटं देऊन परतू नका. वाटेत तोमिओला उतरा. आपलं एक माणूस तिथे आहे.