सीमेवरचे एक क्रीडांगण

राष्ट्रांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ आढळतात. परंतु एखाद्या खेडेगावातील क्रीडामंडळाचा इतिहास सांगावा, असे क्वचितच कोणास वाटते. तरीही राष्ट्राच्या अंगावरील घाव कधी कधी एखाद्या लहानशा मैदानावरच अधिक स्पष्ट उमटलेले दिसतात. आयर्लंडमधील क्रॉसमग्लेन या गावच्या फुटबॉल क्लबाची कथा अशांपैकीच एक आहे.

आर्मा परगण्याच्या दक्षिण टोकाला, शेतांनी आणि लहान टेकड्यांनी वेढलेले हे गाव. वस्ती अवघी दीड-दोन हजारांची. 1884 च्या 1 नोव्हेंबरला थर्ल्स येथील एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक आणि त्यांचे मोजके सहकारी जमले आणि त्यांनी ‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ या संस्थेची स्थापना केली. इंग्रजी खेळांच्या लाटेत आयरिश खेळ वाहून जाऊ नयेत, हा तिचा हेतू होता. एका चर्चच्या छत्राखाली नांदणारा जो परिसर, तोच साधारणतः एका क्लबाचा परिसर, अशी या संस्थेची घडण झाली. त्यामुळे खेळ थेट गावकीत शिरला. तीनच वर्षांनी, 1887 साली, ‘क्रॉसमग्लेन रेंजर्स’ हा क्लब जन्मास आला.

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू पायाने मारावयाचा, तसाच हातानेही झेलावयाचा व टोलवावयाचा. आडव्या दांडीखालून तो जाळ्यात गेला की तीन गुण. दांडीवरून, पण उभ्या खांबांमधून गेला, तर परंपरेने एक गुण. आपल्या गावासाठी खेळणाऱ्या या गड्यांना वेतन मिळत नाही. दिवसा शेत, शाळा वा दुकान सांभाळावे आणि सायंकाळी मैदानावर उतरावे, हा त्यांचा क्रम.

1921 साली आयर्लंडची फाळणी झाली. नवी सीमा गावाबाहेर थोड्याच अंतरावरून गेली आणि क्रॉसमग्लेन ब्रिटिश अमलाखाली राहिले. खेळाच्या संस्थेने मात्र ही सीमा मानली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे परगणे एकाच अजिंक्यपदासाठी झुंजत राहिले. नकाशावर तुटलेला देश मैदानावर अखंड राहिला.

1969 साली उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचाराचा वणवा पेटला. 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ब्रिटिश लष्कराने क्लबाच्या मैदानालगत तळ उभारला आणि मैदानाची काही जमीनही ताब्यात घेतली. या मैदानास संत ऑलिव्हर प्लंकेट यांचे नाव आहे. आर्माचे हे आर्चबिशप 1681 साली लंडनमध्ये देहदंडास सामोरे गेले होते. त्यांच्या नावाच्या भूमीवर आता हेलिकॉप्टरांची घरघर आणि पहाऱ्याच्या बुरुजांची सावली आली. गावकऱ्यांच्या मनात याचा सल खोलवर रुतला. दुसरी बाजूही सांगावयास हवी: याच गावात आणि परिसरात अनेक तरुण ब्रिटिश सैनिक प्राणास मुकले. त्यांच्याही घरी वाट पाहणाऱ्या माता होत्या.

क्लबाने काय केले? तो खेळत राहिला. 1996 ते 2008 अशी सलग तेरा वर्षे त्याने आर्मा परगण्याचे अजिंक्यपद राखले. 1997 च्या 17 मार्चला, संत पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर त्याने मेयो परगण्यातील नॉकमोर संघास नमवून अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद प्रथमच जिंकले. पुढे 1999, 2000, 2007, 2011 आणि 2012 या वर्षीही तो मान त्याच्याकडे आला. पहिल्या तीन विजयांच्या वेळी मार्गदर्शक होते जो कर्नन. हे स्वतः 1977 च्या अंतिम सामन्यात आर्मा परगण्याकडून खेळून पराभूत झाले होते. 2002 साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आर्माने केरीवर अवघ्या एका गुणाने मात करून आपले पहिले अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळविले. पूर्वार्धात पेनल्टी वाया घालविणाऱ्या क्रॉसमग्लेनच्या ऑशिन मॅकॉनव्हिल यांनीच उत्तरार्धात निर्णायक गोल केला.

तथापि, खरी कसोटी चषकांची नव्हती. संस्थेच्या एकविसाव्या नियमानुसार ब्रिटिश सुरक्षादलांतील व्यक्तींना सदस्यत्व मिळत नसे. 1998 च्या शांतता-करारानंतर हा नियम राहावा की जावा, हा प्रश्न तीव्र झाला. नोव्हेंबर 2001 मध्ये तो रद्द झाला. पण उत्तरेकडील सहा परगण्यांपैकी एकट्या डाउनने त्यास अनुकूल मत दिले. आर्मा विरोधात राहिला. दुरून पाहणाऱ्यास हा हट्ट वाटेल. परंतु ज्यांच्या मैदानावरच लष्कर येऊन बसले होते, त्यांच्याकडून क्षमेची घाई करणे सोपे नव्हते. क्षमा ठरावाने मंजूर करता येते, मनात मात्र ती सावकाशच रुजते.

2007 साली लष्कराने गाव सोडले. त्याच वर्षी क्लबाने चौथ्यांदा अखिल आयर्लंड चषक जिंकला. आज त्या मैदानाशेजारी पहाऱ्याचा बुरूज नाही. अशा क्लबाचा इतिहास विजयांच्या यादीत शोधावयाचा नसतो. संकटाच्या काळातही सायंकाळी मुले चेंडू घेऊन मैदानावर आली आणि कोणीतरी त्यांना शिकविण्यासाठी उभा राहिला, यातच तो आहे.