हरभऱ्याची आंब आणि सफरचंदाची बाटली

परवा केम स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. नात्यातले एक तात्या भेटले. साठी ओलांडलेली, चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. सहज विचारलं, "गोळ्या चालू हायत ना?"

तर म्हणाले, "बंद केल्या की! लेकानं पुण्याहून सफरचंदाचं व्हिनेगर आणलंय. आलं, लसूण, लिंबाचा रस, मध घालून घेतो. ब्लॉकेज विरघळतंय म्हणं." मोबाईलमधला मेसेजपण दाखवला. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेलाच असेल.

गाडीला वेळ होता. तात्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आंबट औषध आपल्याला नवं नाही. आपल्या करमाळा भागात रब्बीला हरभरा असतोच. माझी आजी थंडीत संध्याकाळी हरभऱ्यावर पातळ धोतर पसरायची. पहाटे ते दवानं ओलं झालं की पिळून बाटलीत भरायची. ती आंब. पोट दुखलं, अपचन झालं, ऊन लागलं की पाण्यात थोडी घालून द्यायची. १८९० च्या सुमारास निघालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ग्रंथातही हरभऱ्याच्या या आंबेची दखल आहे.

गंमत बघा. आंबेत जी आम्लं असतात त्यातलं एक मॅलिक आम्ल. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते १७८५ साली सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं, म्हणून सफरचंदाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. म्हणजे सफरचंदाचा आंबटपणा आपल्या रानात फुकट मिळत होता! पण आजीनं आंब कधी छातीच्या दुखण्यावर दिली नाही. कशाला काय चालतं, याची तिला मर्यादा ठाऊक होती.

मग व्हिनेगर एवढं मोठं कसं झालं? मध आणि व्हिनेगरचं मिश्रण ग्रीक वैद्य वापरायचे, युनानीत ते सिकंजबीन म्हणून आलं. पण सफरचंदाच्या व्हिनेगरची आजची हवा बरीचशी अमेरिकेतली. व्हरमाँटच्या डॉ. जार्विस यांनी १९५८ मध्ये गावठी औषधांवर पुस्तक लिहिलं, ते धडाक्यात खपलं. पुस्तक खपलं म्हणजे औषध सिद्ध झालं असं नसतं.

छोट्या अभ्यासांत व्हिनेगरनं जेवणानंतरची साखर थोडी कमी झालेली दिसते, कोलेस्टेरॉलमध्येही किंचित फरक दिसतो. बस्स. ब्लॉकेज म्हणजे नळीत अडकलेला कचरा नव्हे, ते रक्तवाहिनीच्या भिंतीतच साचलेलं असतं. पोटात गेलेलं आंबट तिथं जाऊन ते विरघळवत नाही. वजन कमी होतं म्हणून गाजलेला २०२४ चा लेबनॉनमधला अभ्यास तर आकडे भरवशाचे नाहीत म्हणून २०२५ मध्ये मागे घेतला गेला. शिवाय रोज घेतलं तर दातांवरचा थर झिजतो, आणि लघवीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

"मग गावठी औषध सगळं खोटंच का?" तात्या जरा रागावलेच.

नाही तात्या. त्याच १७८५ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये विदरिंग नावाच्या डॉक्टरला एका म्हातारीच्या घरगुती काढ्याबद्दल कळलं. त्यातली कामाची वनस्पती त्यानं हुडकली, ती फॉक्सग्लोव्ह. दहा वर्षं रोग्यांवर वापरून बघितली. मात्रा किती, कुणाला गुण आला, कुणाला अपाय झाला, सगळं लिहून छापलं. त्याच जातकुळीतलं डिगॉक्सिन आजही हृदयाच्या काही रोग्यांना देतात. म्हातारीचं औषध टिकलं ते ते तपासलं गेलं म्हणून. मेसेज पाठवणाऱ्यानं काय तपासलंय?

स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून गोळी दिलेली असते. डॉक्टरांना न विचारता ती सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. व्हिनेगरनं बिघडेल त्यापेक्षा गोळी सोडल्यानं जास्त बिघडेल.

गाडी आली, तात्या काही न बोलता चढले. रात्री त्यांच्या लेकाला फोन लावला. काल दोघं करमाळ्याला डॉक्टरांकडं जाऊन आले, गोळ्या परत चालू झाल्यात.

तुमच्या घरातल्या तात्यांच्या गोळ्यांचा डबा आज एकदा उघडून बघा.