खारबांध कोणाचा?

पेण-अलिबागच्या खारेपाटात भाताचे पीक मातीच्या बांधावर तगून असते. बांध फुटला की खाडी शेतात. या बांधांचा इतिहास चाळताना मला एक प्रश्न सतत पडत राहिला : ग्रामविकासाची योजना यशस्वी झाली, हे ठरवायचे कशावरून?

जुन्या शिलोत्री पद्धतीत समुद्राकडचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे. त्या बदल्यात तो कुळांकडून जादा भात घेई. जोडीला गावकऱ्यांची 'जोळ' होती. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस धावे. ही व्यवस्था न्यायाची होती, असे मी म्हणणार नाही. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, तो याच मुलखातल्या जमीनदारीविरुद्ध. पण बांध कोणाचा, हे सर्वांना ठाऊक होते.

पुढे १९४८चा खारभूमी कायदा आला, कूळकायदा आला, १९७९मध्ये नवा खारभूमी विकास कायदा झाला. शिलोत्रदार गेला, ते योग्यच झाले. मात्र त्याच्यामागून जोळही मोडत गेली. डागडुजी सरकारी मंजुरीवर आली. उधाण मंजुरीसाठी थांबत नाही.

अहवालात बांधाची लांबी, खर्च आणि संरक्षित क्षेत्र मोजता येते. खारे पाणी शिरलेल्या शेतात तिवरे रुजली, तरी बांधाची लांबी तेवढीच भरते. म्हणून अहवालात आणखी दोन रकाने हवेत, असे मला वाटते : यंदा भात किती शेतांत पिकले? आणि खांड पडल्यावर मातीची पहिली पाटी कोण उचलणार?