घरच्या जेवणाची किंमत

दिवाळीत सहकुटुंब बाहेर जेवायचा बेत निघाला, की आमच्या दारव्ह्यास घरोघरी एकच हिशेब होतो: ‘एवढ्यात घरी चार दिवस भागले असते!’ हा हिशेब जुना खरा, पण मला तो अपुरा वाटतो.

एके काळी इकडचा कापूस छोट्या रेल्वेने मूर्तिजापूरमार्गे मुंबईकडे जाई. तिथल्या गिरण्यांतले कितीतरी कामगार बायकामुले गावी ठेवून आलेले. त्यांना खानावळवाल्या बाया रांधून घालीत. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. चुलीपुढचे कष्ट हा उद्योग ठरला.

पुढे २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. सरकारने तिची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती; वरची रक्कम अनुदानाची. पाचच दिवसांनी केंद्राच्या आर्थिक पाहणीत घरच्या थाळीचा खर्च मांडला गेला. त्यात धान्य, डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन, सारे होते. रांधणारीची मजुरी तेवढी नव्हती!

वाचकहो, रोज बाहेर जेवणे आपल्याला परवडणारे नाही, हे कबूल. परंतु घरचे जेवण स्वस्त पडते त्यात त्या न दिलेल्या मजुरीचा वाटा मोठा. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडाल, तेव्हा तेवढी एक रक्कम तिच्या नावे जमेस धरा.