एका बैठकीवर चार दप्तरे

ग्वाल्हेर शहरात झांशी रस्त्याच्या बाजूस हरिशंकरपुरम नावाची वसाहत आहे. मध्य प्रदेशाच्या महालेखाकारांची कचेरी याच रस्त्यावर आहे. राज्यभरच्या जमाखर्चाचा मेळ जेथे घातला जातो, त्या कचेरीच्या शेजारात वाढलेल्या वस्तीला कागद, टाचणे आणि हिशेब यांचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. मराठी घरेही या शहराला नवखी नाहीत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली, आणि तंबूंच्या जागी वाडे उठले तरी त्या वस्तीचे ‘लष्कर’ हे नाव कायमचे राहिले.

अशा वस्तीतील एखाद्या घरात आज संगणक पाहावा. पडदा एकच असतो, पण त्यावर कामे चार चालतात. दुकानाचा हिशेब मांडलेला असतो, मुलीच्या परीक्षेची टिपणे असतात, नातेवाइकांची पत्रे असतात आणि कोणते तरी सरकारी आवेदन अर्धे भरून ठेवलेले असते. या साऱ्या खिडक्या एकाच पडद्यावर उघडल्या की एकीखाली दुसरी दडते आणि जी हवी ती कधीच वर नसते. यावर तोडगा असा की पडद्याचे चार पडदे कल्पावयाचे. दोनतीन कळा एकदम दाबल्या की हिशेबाचा सारा पसारा बाजूस सरतो व परीक्षेचा पसारा समोर येतो. हिशेब बंद झालेला नसतो, तो केवळ दृष्टिआड असतो. या कल्पित पडद्यांना ‘आभासी डेस्कटॉप’ म्हणतात. कोणी ‘कार्यक्षेत्र’ असेही म्हणतात. ही सोय यंत्राबरोबर जन्मली असे अनेकांना वाटते. यंत्रातील तिचा जन्म अलीकडचा आहे हे खरे, परंतु तिच्यामागील गरज मराठी कारभाराला फार पूर्वी भासली होती.

‘दप्तर’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. आज तो शाळकरी पोराच्या पाठीवर जाऊन बसला आहे; पेशवाईत मात्र त्याचा अर्थ राज्याची स्मरणशक्ती असा होता. पुण्याच्या हुजूर दप्तरात भरभराटीच्या काळी दोनशेच्या आसपास कारकून राबत. पेशवाई बुडाल्यावर मॅक्लाउड या इंग्रज अधिकाऱ्याने या दप्तराची जी माहिती लिहून ठेवली, तिच्या आधारे डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात त्याची रचना सांगितली आहे. दप्तराचे मुख्य भाग दोन. एक ‘चालते दप्तर’ आणि दुसरे ‘एकबेरीज दप्तर’. चालत्या दप्तरात फड, बेहडा आणि सरंजाम अशी खाती होती. सनदा, हुकूम यांचे काम फडावर, उत्पन्नखर्चाचे अंदाज बेहड्यात, आणि लष्करी सरंजामांचा हिशेब तिसऱ्या खात्यात. एकबेरीज दप्तर सदैव पुण्यातच असे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येऊन गोळा होत व त्यांची तर्जुम्याच्या रूपाने बेरीज मांडली जाई. झांशी रस्त्यावरील कचेरीचे हे जुने भावंडच म्हणावयाचे.

या विभागणीत एक मर्म आहे. कागद येथे आकारावरून किंवा कोणी लिहिला यावरून वेगळे केलेले नव्हते. कोणते काम चालले आहे यावरून केलेले होते. हातचे काम चालत्या दप्तरात, पुरे झालेल्या कामाचा मेळ एकबेरजेत. प्रत्यक्ष कागद बांधले जात ते चौकोनी कापडात. त्यालाच ‘रुमाल’ म्हणत. जमिनीवरची बैठक, पुढे उतरते मेज, शेजारी दौत आणि वाळूदाणी, एवढ्या जागेत दोन रुमाल एकदम सोडले की मोडीचे सुटे बंद एकमेकांत मिसळण्याचे भय. म्हणून एकाची गाठ मारावयाची व दुसऱ्याची सोडावयाची. संगणकावर कळ दाबून पडदा बदलणारा मनुष्य न कळत हीच गाठ मारीत व सोडीत असतो.

परंतु कामे वेगळी केली की एक अडचण उभी राहते. जो कागद दोन कामांत लागतो तो कोणत्या रुमालात बांधावयाचा? मराठी जमाखर्चाने यावर काढलेला मार्ग साधा होता. रोजकीर्दीत नोंद दिवसाच्या क्रमाने करावयाची आणि तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर पुन्हा चढवावयाची. व्यवहार एक, पण त्याला पाहण्याच्या जागा दोन. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण दीडदोनशे वर्षांनी सातासमुद्रापलीकडे तोच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला.

दप्तर नीट असण्यानसण्यावर किती अवलंबून असते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नाना फडणिसांच्या वेळी शिस्तीत असलेले हे दप्तर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत विस्कटले. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या अकराव्या कायद्यानंतर, इनामांची चौकशी कसून आरंभली. इनामदाराला आपला हक्क कागदाने शाबीत करावा लागे, आणि त्याचे म्हणणे पुण्याच्या दप्तराशी ताडून पाहिले जाई. बापजाद्यांची जमीन अशा वेळी एखाद्या गाठीत अडकलेली असे. नेमका रुमाल हाती आला तर निभावले, नाही तर दावेदाराचा बोलण्याचा भागच उरत नसे. दृष्टिआड ठेवलेली वस्तू पुन्हा दृष्टीस आणता आली पाहिजे. ती आणता येत नसेल तर ती व्यवस्था नव्हे, अडगळ होय. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत रियासतकार सरदेसाई यांनी तीस हजारांहून अधिक रुमालांच्या या राशीतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे या दप्तराचे अंतरंग अभ्यासकांना खुले झाले. महादजी शिंद्यांविषयीची त्यांनी संपादिलेली कागदपत्रे १९३७ मध्ये ग्वाल्हेरच्याच आलिजाह दरबार छापखान्यातून निघाली.

ग्वाल्हेरने तर एका राज्याच्या दोन बैठकीही पाहिल्या. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य बनले, तेव्हा हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर अशी वाटणी झाली. मंत्री तेच, खाती तीच, पण ऋतू बदलला की कारभाराचा मुक्काम हलावयाचा. अशा हलण्यात बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, हाच खरा प्रश्न असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि ही ये-जा थांबली.

आता यंत्राकडे वळावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. १९७३ मध्ये तेथे ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. एकावर एक ठेवलेल्या कागदांसारख्या खिडक्या पडद्यावर दाखविण्याची रीत याच शाळेत रुजली, आणि १९८१ मध्ये त्या कंपनीने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला तेव्हा पडद्याला कचेरीतील मेजाचे रूप आले. उपमा सुबक होती, पण माप चुकले होते. पाच फूट लांब व अडीच फूट रुंद मेजाचे क्षेत्रफळ १८०० चौरस इंच होते. १९८४ च्या मॅकिन्टॉशचा नऊ इंची पडदा जेमतेम ३४ चौरस इंचांचा. म्हणजे असे पन्नासांहून अधिक पडदे मांडावेत तेव्हा एक मेज भरावे! मेज म्हणून माणसाच्या हाती दिली गेली ती मेजावरील पाटी होती.

ही कोंडी त्याच संशोधनशाळेतील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी हाती घेतली व १९८६ मध्ये ‘रूम्स’, म्हणजे खोल्या, या नावाची रचना प्रसिद्ध केली. त्यांनी आधार घेतला तो यंत्राच्या स्मृतीविषयीच्या एका सिद्धांताचा. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखविले होते की, चालू असलेल्या आज्ञावलीला थोड्या अवधीत स्मृतीची थोडीच पाने लागतात. तेवढीही मावली नाहीत तर यंत्राचा सारा वेळ पाने आणण्यात आणि परत ठेवण्यात खर्च होतो, काम पुढे सरकतच नाही. हेंडरसन आणि कार्ड यांचे म्हणणे असे की माणसाचेही हेच होते. एका कामास ज्या पाचसहा खिडक्या लागतात त्या एकत्र मावल्या नाहीत, तर तो दिवसभर खिडक्याच हलवीत बसतो.

म्हणून प्रत्येक कामाला एक खोली. एका खोलीतून दुसरीत जाण्यास दारे, आणि ज्या खोलीतून आलो तिकडे परतण्यास मागचे दार. सर्व खोल्यांची लहान लहान चित्रे एकत्र दाखविणारा नकाशाही होता. आणि दोन कामांत लागणाऱ्या कागदाचे काय? तीच खिडकी अनेक खोल्यांत ठेवता येई, व प्रत्येक खोलीत तिची जागा आणि आकार निराळा असू शके. जी खिडकी सर्वत्र हवी ती ‘खिशात’ ठेवावयाची. जी एखाद्याच फेरीत न्यावयाची ती ‘सामान’ म्हणून बरोबर घ्यावयाची. रोजकीर्द आणि खतावणी ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. खिसा आणि सामान यांतील भेद मात्र त्यांनी फार नेमका ओळखला होता, आणि पुढच्या पुष्कळ रचनांत तो पुसट झाला.

याच सुमारास, १९८५ मध्ये, कमोडोर कंपनीच्या ‘अमिगा’ संगणकावर एकामागे एक पडदे ठेवून पुढचा पडदा खाली ओढण्याची सोय आली होती. १९९० मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी सोलबर्न कंपनीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीत निराळीच कल्पना होती. मेज पडद्याहून कितीतरी विस्तीर्ण मानावयाचे आणि पडदा हा त्यावर सरकणारा झरोका. १९९३ मधील रॉबर्ट नेशन यांची आज्ञावली, मग १९९८ मधील ‘केडीई’ची पहिली आवृत्ती, यांतून मुक्त आज्ञावली वापरणाऱ्या हौशी मंडळींत ही सोय घरची झाली. सामान्य ग्राहकाला मात्र वाट पाहावी लागली. ॲपलच्या संगणकावर ती २००७ मध्ये आली आणि विंडोजमध्ये मूळ रचनेचा भाग म्हणून २०१५ मध्ये. हेंडरसन व कार्ड यांच्या निबंधानंतर एकोणतीस वर्षांनी!

एवढा विलंब का लागला असावा? पडदे मोठे होत गेले आणि जागेची टंचाई मिटली, असे समजण्यात आले हे एक कारण दिसते. परंतु टंचाई केवळ जागेची नव्हती. मोठ्या पडद्यावरही हिशेब लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पत्र उघडे राहिले तर आकडा चुकतोच. हुजूर दप्तराला शनिवारवाड्यात बैठकी वाढविता आल्या असत्या. तरी रुमाल बांधले गेलेच असते.

आभासी डेस्कटॉपात एक उणीव अद्याप आहे. रुमालाची गाठ मारली की दोनशे वर्षांनी सोडली तरी आतील कागद त्याच क्रमाने हाती येतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर कल्पिलेल्या चार जागा बहुधा तशाच राहतात, पण त्यांत मांडलेल्या खिडक्या पुष्कळदा नाहीशा झालेल्या असतात. हरिशंकरपुरममधील त्या घरात एखाद्या संध्याकाळी वीज जाते आणि येते. मग पहिल्या जागेत हिशेबाची वही पुन्हा उघडावी लागते, दुसरीत परीक्षेची टिपणे, तिसरीत पत्रे. आणि चौथ्या जागेत कोणते आवेदन अर्धे राहिले होते, ते घरातील मंडळी एकमेकांना विचारू लागतात.