जुनी, स्वस्त फोर बाय फोर घ्यायचीये? मुंबई उपनगरात राहणाऱ्यांसाठी खरेदी आणि देखभालीची पूर्ण माहिती

अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला की दरवर्षी एक विचार डोक्यात येतो: आपल्याकडे एखादी जिप्सी किंवा जीप असती तर? त्यातच गावाकडचा कच्चा रस्ता, कर्जत-मुरबाडच्या बाजूचा जमिनीचा तुकडा, घाटातल्या भटकंतीची हौस असं काही असेल तर हा विचार लवकर जात नाही. नवीन फोर बाय फोर बजेटबाहेर असते, म्हणून मग जुन्या गाड्यांचा शोध सुरू होतो.

या लेखात आपण फोर बाय फोर म्हणजे नेमकं काय, कोणत्या जुन्या गाड्या मिळतात, कागदपत्रं कशी तपासायची, गाडीखाली वाकून काय बघायचं आणि घेतल्यावर तिच्यासोबत कसं राहायचं, हे क्रमाने पाहू.

फोर बाय फोर म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनची ताकद फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दोन चाकांना जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे आणि दुसरा पुढच्या ॲक्सलकडे जातो. या पेटीसाठी गाडीत वेगळा छोटा लिव्हर असतो. त्यावर साधारण तीन स्थिती असतात:

- २एच: फक्त मागची चाकं फिरतात. शहरात, हायवेवर कायम हीच.
- ४एच: चारही चाकं फिरतात. चिखल, वाळू, निसरडा कच्चा रस्ता यासाठी.
- ४एल: चारही चाकं आणि खूप जास्त ओढ, पण वेग अगदी कमी. उभा चढ, खडक, अडकलेली गाडी काढणं यासाठी.

जुन्या स्वस्त गाड्यांमध्ये बहुतेक ‘पार्ट-टाइम’ पद्धत असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर चाक घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ४एच कधीही लावू नका. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ४एच लावून ऐटीत फिरलेली गाडी पुढच्या मालकाला ट्रान्सफर केसचं बिल देऊन जाते.

आणखी एक गैरसमज. फोर बाय फोर गाडीला पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर जुनी, जड, एबीएस नसलेली जीप ही एखाद्या नव्या हॅचबॅकपेक्षा उशिरा थांबू शकते.

बाजारात काय मिळतं?

मारुती जिप्सी: डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि पुढे कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय आलं. सामान्य ग्राहकांसाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. वजन साधारण एक टन, त्यामुळे चिखलात रुतत नाही. इंजिन साधं आणि दणकट. उणे बाजू म्हणजे एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागे समोरासमोर बाकं, पाट्यांचं कडक सस्पेन्शन. घ्यायचीच तर एमपीएफआय बघा, कार्बोरेटर सुरात ठेवणारे मिस्त्री आता कमी उरलेत.

महिंद्रा जीप (एमएम५४०, एमएम५५०, कमांडर, मेजर वगैरे): महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातल्या या गाड्या. बऱ्याच गाड्यांत प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन असतं. इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाही, त्यामुळे साधा मिस्त्रीही दुरुस्त करतो. पण वेग, ब्रेक आणि आराम तिन्ही जुन्या काळातले. आणि यातल्या अनेक गाड्या फोर बाय फोर नसतात. दिसायला जीप आहे म्हणजे पुढचा ॲक्सल फिरतो असं नाही.

पहिली थार (२०१० ते २०१९ च्या आसपास): २.५ लिटरच्या सीआरडीई इंजिनाला १०५ अश्वशक्ती, पॉवर स्टिअरिंग आणि एसी. या तिघांत रोज वापरण्यासारखी हीच, पण किंमतही हिचीच जास्त. ‘डीआय’ इंजिनाची थार स्वस्त मिळते, तिची ताकद ६३ अश्वशक्ती.

याशिवाय स्कॉर्पिओ, बोलेरो आणि टाटा सफारीच्या फोर बाय फोर आवृत्त्या असतात. कुटुंबासाठी त्या जास्त सोयीच्या, पण त्यांच्याही साध्या टू-व्हील ड्राइव्ह आवृत्त्याच बाजारात जास्त. जाहिरातीवर विश्वास न ठेवता लिव्हर किंवा बटण आणि पुढचा शाफ्ट डोळ्यांनी बघा.

आधी कागद, मग गाडी

स्वस्त गाडी महाग पडते ती बहुतेक वेळा कागदांमुळे.

१. आरसी आणि गाडी जुळते का? चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. जुन्या जीपांमध्ये इंजिन बदलण्याचा प्रकार सर्रास असतो. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर तिथूनच परत फिरा.

२. नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५ लागतो आणि मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरील मोटारीला १०,००० रुपये. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा. तीन वर्षं मुदत संपून पडलेली गाडी ‘स्वस्तात’ मिळत असेल तर आधी हा हिशेब करा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो.

३. परराज्यातली गाडी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी, तिथल्या फायनान्सचा बोजा उतरल्याची नोंद आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सगळं धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघा.

४. लष्कराची लिलावातली गाडी. लिलावाचे मूळ कागद आणि पक्की नागरी नोंदणी झालेली असेल तरच घ्या. ‘पासिंग नंतर करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका.

५. बदल केलेली गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. पुढचं लोखंडी बुल बारही चालत नाही.

६. ट्रान्सफर. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, फायनान्स असेल तर फॉर्म ३५. अंधेरीसाठी एमएच-०२, बोरिवलीसाठी एमएच-४७, घाटकोपर-मुलुंडसाठी वडाळ्याचं एमएच-०३ आरटीओ. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट लागलीये का आणि जुनी ई-चलनं थकलीत का, हेही तपासा.

गाडीखाली वाका: तपासणीची यादी

- गंज: मुंबईच्या खाऱ्या हवेत हा पहिला शत्रू. चॅसीवर, पाट्यांच्या हँगरपाशी, बॉडी माउंटजवळ आणि रबरी मॅटखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. घट्ट आवाज यायला हवा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेली चॅसी परवडत नाही.
- थंड इंजिन: मालकाला सांगा, ‘आधी चालू करून ठेवू नका.’ काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, थांबतच नसलेला पांढरा म्हणजे बहुधा कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर बाहेर आला तर पिस्टन-रिंग थकल्यात.
- फोर बाय फोर खरंच चालतं का: मोकळ्या मातीच्या जागेवर ४एच लावा. जिप्सीत आणि काही जीपांत पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात, ते आधी करा. हळू चालवत स्टिअरिंग पूर्ण वळवा. गाडी आखडल्यासारखी वाटली तर पुढचा ॲक्सल जोडला गेलाय. कटकट आवाज आला किंवा गिअर उडाला तर खर्च आहे. मग थांबून ४एल लावून बघा.
- स्टिअरिंग: ५०-६० च्या वेगाला खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरू लागलं तर किंग पिनचे बेअरिंग, बुश किंवा टायर गेलेत. हे धोकादायक आहे.
- ऑइल: ॲक्सल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.
- टायर: चारही एकाच मापाचे हवेत. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांवरचे टायर बदलायचेच आहेत असं धरा.

मिस्त्रीला सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी देऊन. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री नको.

उपनगरात तिच्यासोबत राहताना

पार्किंग: घाटकोपर, मुलुंडच्या नव्या इमारतींमध्ये स्टॅक पार्किंग असतं आणि त्याला उंचीची मर्यादा असते. जिप्सी, थार साधारण १.८५ ते १.९५ मीटर उंच असतात, त्यामुळे टोकन देण्याआधी टेप घेऊन मोजा. ताडपत्रीच्या टपाची गाडी उघड्यावर राहणार असेल तर पावसाळ्यात फ्लोअर ओला राहतो आणि तिथूनच सडणं सुरू होतं.

पावसाचं पाणी: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पाण्यापुढे कुठलीच गाडी टिकणार नव्हती. उंच गाडी म्हणजे बोट नाही. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल, किंवा खाली उघडं गटार असण्याची शक्यता असेल, तर थांबा. जायचंच असेल तर पहिल्या गिअरमध्ये एका लयीत, न थांबता. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवा. ड्रम ब्रेक ओले असताना धरत नाहीत. मग ॲक्सलचं ऑइल तपासा आणि क्रॉसला ग्रीस मारा.

समुद्रकिनारा: गोराई-मनोरीच्या वाळूत गाडी घालू नका. पोलीस कारवाई होते ती वेगळीच, पण खारं पाणी चॅसीत शिरलं की वर्षभरात दिसतं.

देखभाल: महिन्यातून एकदा ५ मिनिटं ४एच लावून मातीवर चालवा, नाहीतर वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम होतो. जुने पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि बेअरिंग नवीनच घ्या.

खर्च: जिप्सी गर्दीत लिटरला आठ-दहा किलोमीटर देते असं धरून चाला. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनावर ठरतो. २०२२ च्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. शिवाय गाडीच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर अजून स्वस्त गाडी शोधू नका, थोडं थांबा.

नेहमीचे प्रश्न

मुंबईत जुन्या डिझेल गाडीवर बंदी येईल का? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा मुद्दा घेतला आणि राज्य सरकारने त्यावर समिती नेमली. धोरण बदलू शकतं हे धरून डिझेल गाडीत फार पैसे अडकवू नका.

एकमेव कौटुंबिक गाडी म्हणून चालेल का? जिप्सी किंवा जुनी जीप नाही. एअरबॅग नाही, मागच्या बाकांवर लहान मुलांना सुरक्षित बसवायची सोय नाही. स्कॉर्पिओ किंवा सफारीचा विचार करता येईल, तोही सीटबेल्ट आणि ब्रेक नीट करून.

मग घ्यावी कोणी? ज्याच्याकडे रोजच्यासाठी लोकल, मेट्रो किंवा दुसरी गाडी आहे, झाकलेलं पार्किंग आहे, ओळखीचा मिस्त्री आहे आणि वर्षातून काही वेळा तरी खरा कच्चा रस्ता आहे, त्याने. फक्त सबवेतल्या पाण्यासाठी घेत असाल तर त्या दिवशी घरीच थांबणं स्वस्त पडेल.